तीन पेडांची वेणी

माक्याच्या तेलाचा वास आला, की या वयातही माझा जळफळाट होतो. आज नातीच्या डोक्याला तेल लावताना तसंच झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईचे वकीलकाका पौडला यायचे. परदेशी व्यापाराचे मोठमोठे खटले लढवणारा हा माणूस सकाळी पडवीत आम्हा गावच्या मुलींना इंग्रजी शिकवायचा. शिकवता शिकवता पुढ्यात बसलेल्या आपल्या लेकीला, शैलाला, माक्याचं तेल लावून वेणी घालायचा. माझ्या आबांनी माझ्या केसांना कधी हातही लावला नव्हता. शैला मला डोळ्यांसमोर नकोशी व्हायची.

एके दिवशी मी मुद्दाम केस मोकळे सोडून गेले. काका हसून म्हणाले, "ये, बस." शैला बाजूला सरकली. तिचं तोंड एवढंसं झालं, आणि मला आतून गुदगुल्या झाल्या.

मिरवतच घरी आले. आबा अंगणात बैलासाठी वाखाचा कासरा वळत होते.

"येणी कुनी घातली गं?"

"वकीलकाकांनी."

आबांचे हात थांबले. हातातल्या तीन पेडांकडे बघत ते म्हणाले, "मला बी येती की. तू कधी म्हणालीच न्हाईस."

तेव्हा मी फिदीफिदी हसले होते.