परवाची एकादशी

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, घराबाहेर पडायचं म्हटलं की हटकून उपास निघायचा. एरवी सकाळी दोन कप चहा, अकराला ताक, दुपारी पुन्हा चहा, सगळं यथासांग. पण लिटिल इंडियात, म्हणजे इथल्या आपल्या देशी बाजारात, खरेदीला चला म्हटलं की संकष्टी. कुणाकडे बारशाला जायचं की सोमवार. तिथी-वार काहीच हाती लागलं नाही तर "मी बोलले होते देवाला." आणि उपास तरी कसला? निर्जळी! खिचडी नाही, शेंगदाण्याचा लाडू नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी वैतागून म्हणायचे, आपण कार्यक्रम ठरवला की देवाला बरं कळतं.

या डिसेंबरात न्यूझीलंडला जायचं नवऱ्याच्या मनात होतं, तेही कॅम्परमधून. म्हणजे गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं, आणि आवडेल तिथे मुक्काम. लेक पुढच्या वर्षी शिकायला परदेशी जाणार. त्यानंतर चौघं एकत्र कुठे जाऊ ते कुणी सांगावं, म्हणून ही सहल. पण आईंनी जाहीर करून टाकलं, "तुम्ही तिघं जा. मी राहते घरी."

त्या राहिल्या की मी राहिले. मागे एकदा चक्कर येऊन पडल्या, तेव्हापासून त्यांना एकटं ठेवत नाही. जपानला बापलेक दोघंच जाऊन आले होते. ते तिकडून बर्फाचे फोटो पाठवत होते आणि मी इकडे घरी, आमच्या या बेटावरच्या क्वीन्सटाउनमधल्या फ्लॅटमध्ये, दोडकी सोलत होते. या वेळी मी ठणकावून सांगितलं, "मी मुळीच राहणार नाही!" सांगितलं खरं, पण राहणार मीच हे मलाही माहीत होतं आणि घरातल्या सगळ्यांनाही. म्हणून तर संताप होत होता.

अशात एक्स्पोच्या मोठ्या हॉलात कॅम्परचं प्रदर्शन लागलं. परदेशात भाड्यानं गाड्या देणाऱ्यांचे स्टॉलही होते. नवरा म्हणाला, घेण्याआधी आत बसून, झोपून, चारदोन गाड्या ताडून बघू. आईंना घरी ठेवता येत नव्हतं, म्हणून त्याही निघाल्या. मी चहाचा कप पुढे केला तर म्हणाल्या, "नको गं. आज माझी एकादशी."

"आई, एकादशी परवा झाली."

"ती स्मार्त. माझी भागवत."

आता भागवत एकादशी फार तर एक दिवस पुढे सरकते, दोन नाही, एवढं मलाही कळतं. पण सकाळी सकाळी कोण वाद घालणार? निघालो.

हे आमचं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत तासाभरात संपतं. गाडीत झोपायची वेळ यावी इतकं लांब जायचं तरी कुठे? तरी प्रदर्शनाला ही गर्दी! हॉलभर पांढऱ्या गाड्या दारं उघडून उभ्या, आणि लोक एकीतून उतरून दुसरीत चढत होते. नवऱ्यानं लगेच इंजिन आणि सीटबेल्ट यांत डोकं घातलं. लेक ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर जाऊन पसरली आणि तिथूनच "दिस वन माझा!" म्हणून ओरडली. मी ओट्याशी. ओटा कसला, ताट ठेवलं की संपला. शेगडीच्या वरच धुराचा अलार्म. दाखवणाऱ्या काकांना विचारलं, तर म्हणाले, हेवी कुकिंग नको. आता जिऱ्या-मोहरीची फोडणी ही हेवी की लाइट, ते त्यांना कसं सांगू?

आई बाहेर एका घडीच्या खुर्चीवर मांडीत पर्स घेऊन बसल्या होत्या. ओठ कोरडे पडलेले. दोनदा पाणी विचारलं, दोनदा मान हलवली. मला रागही येत होता आणि कीवही.

तेवढ्यात काका नवऱ्याला म्हणाले, "टॉयलेट मागच्या बाजूला."

आई ताडकन उठल्या. "काय म्हणाले ते? संडास? गाडीत?"

"हो आज्जी, इनसाइड," लेक वरून म्हणाली.

"अगं बाई!"

त्यांनी पायरीशी चपला काढल्या, नातीचा हात धरून वर चढल्या, आणि सरळ मागे जाऊन त्या एवढ्याशा खोलीत शिरल्या. दार लागलं. आतून कडी वाजली.

काकांचा चेहरा उतरला. "ऑन्टी! ऑन्टी! डिस्प्ले ओन्ली!"

नवरा लालबुंद. दारावर टकटक करत म्हणाला, "आई, अगं ते वापरायचं नाहीये. नुसतं बघायचंय!"

"बघतेच आहे," आतून आवाज आला.

"टेस्टिंग ओन्ली, लाह!" लेकीनं काकांना इथल्या ढंगाच्या इंग्रजीत समजावलं आणि हसू आवरेना म्हणून उशीत तोंड खुपसलं. मागे रांग लागली होती. आईंच्या चपला पाहून मागच्या दोघा-तिघांनीही आपापले बूट काढून ठेवले. आई बाहेर आल्या आणि निकाल दिला, "कडी घट्ट आहे. पण उठताना धरायला काही नाही. दुसरी बघू."

त्यानंतर काय विचारता! ज्या बाईला बारशाला न्यायचं तर मिनतवाऱ्या, त्या आमच्या पुढे चालत होत्या. एकीची पायरी उंच. एकीचं दार गुडघ्याला लागतं. सगळ्यात चकाचक, टीव्हीवाली, नवऱ्याच्या मनात भरलेली गाडी तर त्यांनी आत न जाताच नापास केली, कारण तिच्यात ती खोलीच नव्हती. शेवटी कोपऱ्यात एक बुटकी, बसक्या नाकाची गाडी उभी होती, तिच्यात त्या गेल्या. जरा वेळानं दार फटीएवढं उघडलं आणि मला हाक आली, "जरा आत ये गं."

दोघी कशाबशा मावलो. दार लावून घेतलं.

"धरायला दांडी आहे बघ," त्या म्हणाल्या. मग हळूच, "गाडी केव्हाही थांबवता येते?"

"येते की. थांब म्हटलं की थांबायचं. आपलीच तर गाडी."

त्या दांडीवरून हात फिरवत राहिल्या. "मला आता धरवत नाही गं. निघताना बरं असतं, पण अर्ध्या वाटेत... परक्या ठिकाणी कुणाला विचारू? त्यापेक्षा पोटात पाणीच घालायचं नाही."

"म्हणून एवढे उपास?"

"देव समजून घेतो."

"अहो आई, पण मला सांगायचं नाही का?"

"तुला सांगितलं की तू त्याला सांगणार."

हे मात्र अगदी खरं होतं. पण मला फार वाईट वाटलं. एवढ्याशा गोष्टीपायी ही बाई वर्षानुवर्षं तहानलेली फिरली! मग मी माझंच सांगून टाकलं, "मला तरी कुठे धरवतं? बाळंतपणापासून शिंक आली की पाय आवळून उभी राहते मी."

आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम खो खो हसल्या. मग मीही सुटले. गाडी हलायला लागली. बाहेरून नवरा विचारतोय, "काय चाललंय तुमचं आत?"

"ही गाडी ठरली," आई म्हणाल्या. "आपण चौघं जातोय."

निघताना मी त्यांना चहा घेऊन दिला. "अर्धाच," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "पूर्ण घ्या. वाटेत मेट्रोच्या स्टेशनांवर सोय असते. लागलं की उतरू, त्यात काय!" त्यांनी अर्धा प्यायला, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि उरलेलाही संपवला.

ताना मेराला मेट्रो बदलली. पुढचं स्टेशन बेडोक. दारं उघडायच्या बेताला आई उठून उभ्या राहिल्या. "उतरायचंय."

"आई, हे बेडोक," नवरा म्हणाला. "आपलं क्वीन्सटाउन खूप पुढे आहे."

"ठाऊक आहे. मला बाथरूमला जायचंय," डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या.

त्यांची पर्स उचलून तो म्हणाला, "चल की मग."

आम्ही तिघं बाहेर उभे राहिलो. आई आल्या त्या ओले हात पदराला पुसत, चेहरा टवटवीत. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "इथे जवळपास काही खायला मिळतं का रे? चांगलं गरम गरम?"

"आज्जी!" लेक म्हणाली. "तुझी एकादशी?"

"ती परवाच झाली," आई म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या.