दोनदा कबूल

माझा भाऊ माझ्याहून थोडा मोठा. मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये मशीन सांभाळायचा. अंगाने धडधाकट, कधी साधा ताप नाही. लहानपणी त्याचं डोकं असं तल्लख की अब्बांच्या शिलाईच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांची मापं त्याला तोंडपाठ असत. अब्बा टेप शोधण्याऐवजी त्यालाच हाक मारायचे.

मग मिलच्या मागे, कोंड्याच्या ढिगाआड, तो दोस्तांबरोबर गांजा ओढायला लागला आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. जुनं सगळं त्याच्या डोक्यात शाबूत. चौथीच्या गुरुजींनी कुणाला कशावरून मारलं, ते तो आजच घडल्यासारखं रंगवून सांगे. पण आत्ता सांगितलेलं टिकत नसे. अम्मीने दही आणायला पाठवावं तर हा चौकातून रिकाम्या हाताने परत, आणि मलाच विचारणार.

"छोटी, कशाले पाठवलं होतं व मले?"

आम्ही हसायचो. सगळ्यांत जास्त मीच हसायचे. पोरगा कमावता होता, भांडत नव्हता, मग दह्यासाठी कोण डोक्याला ताप करून घेणार? नशा उतरली की होईल ठीक, असं सगळ्यांनाच वाटायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं लग्न मुलचेरा गावच्या मुलाशी ठरलं. आमच्यात निकाहाच्या वेळी नवरी आत बायकांत बसते. मुलीकडचा एकजण तिचा वकील होतो. दोन साक्षीदारांना घेऊन तो आत येतो, नवऱ्याचं नाव सांगून तिची मर्जी विचारतो आणि बाहेर जाऊन काझीसाहेबांना तिचं उत्तर सांगतो. हे काम मामूंनी करायचं ठरलं होतं. ऐन वेळी अब्बा म्हणाले, "पोरगाच वकील होईल. जिम्मेदारी टाकली का सुधरते मानूस."

दुपारच्या नमाजीनंतर भाऊ आत आला, मागे मामू आणि शेजारचे चाचा. भावाचे डोळे लाल होते आणि अत्तर इतकं फासलेलं की मला तेवढ्यावरूनच कळलं. आजच्या दिवशी तरी! पण त्याने विचारलं अगदी नीट. मी 'कबूल' म्हटलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, हसला आणि बाहेर गेला.

पडद्याआड बसून मी ऐकत होते. काझीसाहेबांनी विचारलं, "काय म्हनली पोरगी?"

पुन्हा त्यांचाच आवाज आला.

"विचारलं का नाई तुम्ही?"

"विचारलं असन... मले आठवून नाई राह्यलं."

मंडपात आधी हशा पिकला, मग कुजबुज सुरू झाली. मामू आणि चाचा ओरडून सांगत होते की पोरगी कबूल म्हणाली. पण काझीसाहेब अडून बसले. "वकीलच पक्का नाई तर मी निकाह कसा पढू? जा, पुन्हा विचारून या." त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तेवढ्यात माझ्या होणाऱ्या सासूची बहीण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "पोरीच्या मनातच नसन. जबरदस्ती तर नाई करून राह्यले?"

भावाला बाजूला करून मामू वकील झाले. या वेळी अम्मी माझ्या कानाशी म्हणाली, "जोरात बोल, बाहेर जाऊ दे." मग भर दुपारी, साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं मी नवरा कबूल केला. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरी पुढे वर्षभर मला 'दोनदा कबूल' म्हणूनच चिडवत होते.

निघायची वेळ झाली. मुलगी उंबरठा ओलांडते तेव्हा तिच्या डोक्यावर कुराण धरतात, आमच्याकडे तो मान भावाचा. तो कुराण घेऊन आला. तोंड धुतलं होतं, केस ओले होते. मी सगळ्या बायकांपुढे म्हटलं, "तू नको. अब्बा धरतील. तुले दारापर्यंत जायचंही आठवनार नाई."

तो "बरं" म्हणाला. कुराण अब्बांच्या हातात दिलं आणि कोपऱ्यातल्या अब्बांच्या शिलाई मशीनजवळ जाऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

काही वर्षांनी त्याने गांजा सोडला. दुकानात बसू लागला, आणि हळूहळू मापं पुन्हा तोंडपाठ होऊ लागली. पण माझ्या लग्नाचा दिवस त्याला आठवत नाही. जे डोक्यात कधी बसलंच नव्हतं, ते परत कुठून येणार? मंडपातली फजिती त्याला लोकांकडून कळली आणि आता तीच तो हसत सांगतो. निरोपाच्या वेळी मी काय बोलले ते मात्र त्याला कुणीच सांगितलं नाही. अम्मी-अब्बा आता नाहीत, आणि मी सांगितलं नाही.

अब्बा गेले त्या वर्षी ईदला त्याने मला विचारलं, "छोटी, तुझ्यावर कुराण मीच धरलं होतं ना?"

"हाव भाई, तूच," मी म्हटलं. पटकन निघून गेलं तोंडातून, आणि मला लाज वाटली, कारण तो विसरला म्हणून मला बरं वाटलं होतं.

आता दर ईदला तो आपल्या मुलीला ती गोष्ट सांगतो. कुराण किती जड लागलं, छोटी कशी रडत होती. मुलगी माझ्याकडे पाहते. "खरंच का फुप्पी?"

मी हो म्हणते.

"पाह्य," भाऊ खुश होऊन तिला म्हणतो, "इतकं तर आठवते मले."