बिलाशिवाय घेतलेली पावडर

वजनं उचलणाऱ्या मुलीला रोज किती प्रोटीन लागतं, हे आमच्या सरांनी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘अंड्याशिवाय जमेल का?’ जमेल, पण महाग पडेल, असं सर म्हणाले. तंजावरला पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घरात अंडं कधी आलं नव्हतं. मुलगी वेटलिफ्टिंग करते हेच आईनं मोठ्या मुश्किलीनं नातेवाइकांच्या गळी उतरवलं होतं, त्यात आणखी अंड्याची भर नको, असं ठरलं.

अप्पा ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत होते. संध्याकाळी बसमधून उतरले की घरी येण्याआधी तंजावरच्या एखाद्या औषधाच्या नाहीतर जिमच्या सामानाच्या दुकानात शिरायचे. तिथं डबे उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचायचे आणि तेवढ्या पैशांत नेमकं किती प्रोटीन पदरात पडतं ते काढायचे. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तरी त्यांचं वाचन चालूच असायचं. प्रोटीन बार त्यांनी पहिल्याच महिन्यात बंद केले. त्यात प्रोटीनपेक्षा साखरच जास्त, असं त्यांनी मला आवरण दाखवून पटवलं. त्याऐवजी आई भाजलेली डाळ आणि शेंगदाणे कुटून गूळ घालून लाडू करू लागली. ते चांगले लागायचे. पण स्पर्धेच्या आधीच्या महिन्यांत सरांना पावडर हवीच असायची, आणि तिथं अप्पांचं काही चालेना.

मग त्यांना त्रिची रस्त्यावरचं एक दुकान सापडलं. दुकानदार गोड बोलणारा होता. सीलबंद लहान डबा परवडत नसेल तर माझ्याकडे मोठं पिंप येतं, त्यातली सुटी घ्या, बरीच स्वस्त पडेल, असं त्यानं सांगितलं. अख्खं पिंप घेतलं तर आणखी स्वस्त, आणि बिल नको असेल तर त्याहून स्वस्त. अख्खं पिंप आम्हाला फार होतं, म्हणून अप्पांनी भागीदार शोधला. आमच्याच जिममध्ये जवळच्या पापनाशम गावचा एक मुलगा यायचा. माझ्याहून थोडा मोठा, फार अबोल, आणि सरांच्या मते आमच्यातला सगळ्यात चांगला. पापनाशमला त्यांची पिठाची गिरणी होती. त्याच्या वडिलांनाही खर्च जड जात होता. दोघा वडिलांनी दुकानातल्याच काट्यावर पावडर निम्मी निम्मी वाटून घेतली. आमचा वाटा आईनं मुरुक्कूच्या, म्हणजे चकल्यांच्या, मोठ्या स्टीलच्या डब्यात भरला.

आम्ही दोघं ती पावडर बरेच दिवस घेत होतो. राज्य स्पर्धेत तो मुलांमध्ये पहिला आला, मी मुलींमध्ये चौथी. पदक मिळालं म्हणून तिथं त्याचा लघवीचा नमुना घेतला. माझा कुणी घेतला नाही.

काही आठवड्यांनी एका सकाळी तो जिमला आला नाही. सरांनी मला बाजूला बोलावलं. त्याच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं होतं. ‘तू तीच पावडर खातेस ना?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. आजपासून बंद कर, असं ते म्हणाले, आणि कुणाजवळ एक शब्दही काढू नकोस. राष्ट्रीय स्पर्धेसाठीची माझी निवड चाचणी तोंडावर आली होती. ज्युनिअर गटातलं माझं ते शेवटचं वर्ष होतं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा अप्पा जेवायला बसले होते. ते तसेच उठले, हात धुतले आणि स्कूटर काढली. मी मागे बसले. दुकानात ते पिंप नव्हतं. फळ्यांवर सगळे सीलबंद डबे ओळीनं लावलेले होते. दुकानदारानं आम्हाला ओळखच दाखवली नाही. सुटी पावडर आम्ही विकतच नाही, तुम्ही दुसरीकडून घेतली असेल, बिल दाखवा, असं तो म्हणाला. अप्पांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. परत येताना त्यांनी दोनदा चुकीचं वळण घेतलं. ज्या गावात त्यांचा जन्म गेला, तिथं.

घरी उरलेल्या पावडरीचं काय करायचं ते कुणालाच कळेना. टाकून दे, असं अप्पा आईला म्हणाले. असू दे, असं आई म्हणाली आणि डबा वरच्या फळीवर मागं सरकवून ठेवला. मी सराव चालू ठेवला, पण रॉडला हात घातला की मनात यायचं, ही ताकद माझी आहे की त्या पावडरीची? पूर्वी सहज उचलायचे ती वजनंही हातातून सुटू लागली. फोन वाजला की आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायचो.

मग एका रविवारी दुपारी त्या मुलाचे वडील आले. आधी कळवलं नव्हतं. बसचा प्रवास करून आले होते, शर्ट घामानं भिजलेला. त्यांनी वकील गाठला होता. वकिलाचं म्हणणं असं की तपासणीत त्या पावडरीतच औषध निघालं, तर मुलानं जाणूनबुजून घेतलं नाही असं निदान म्हणता तरी येईल. त्यांच्या घरची पावडर तर केव्हाच संपली होती. तुमच्याकडे थोडी तरी उरली असेल का, असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं. विचारताना ते अप्पांकडे बघत नव्हते, हातातल्या कापडी पिशवीकडे बघत होते.

पाहावं लागेल, असं अप्पा तमिळमध्ये म्हणाले. आई कॉफी घेऊन बाहेर आली तेव्हा ते तिच्याशी मराठीत बोलू लागले, साखर घातलीस का असं विचारावं इतक्या सहज सुरात.

‘अजून आहे ना ती?’

‘आहे.’ आईनं पाहुण्यांसमोर कॉफी ठेवली.

‘संपली म्हणून सांगतो.’

‘सांगा. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.’

‘हिची चाचणी आहे. दिली, तर हिनंही खाल्ली हे उघड होणार. मग संपलंच सगळं.’

‘खाल्लीच आहे की तिनं.’

पाहुणे कॉफी पेल्यातून वाटीत वरखाली ओतून निववत होते. अप्पा त्यांच्याकडे बघून हसले. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी दाराशी उभी होते. आपण काहीतरी बोलायला हवं हे मला कळत होतं. पण चाचणी माझी होती. मला जायचं होतं.

‘त्याच्या जागी आपली पोर असती तर?’ आई म्हणाली. तिचा आवाज मात्र थोडा चढला. ‘माझ्या हातानं भरलाय मी तो डबा.’

पाहुण्यांचा हात थांबला. आमची भाषा त्यांना येत नव्हती. पण डब्याला तमिळमध्येही डब्बाच म्हणतात.

‘डब्बा इरुक्का?’ त्यांनी हळूच विचारलं. डबा आहे का?

अप्पांनी मान खाली घातली. मी आत जायला वळले, तसे ते म्हणाले, ‘थांब. मी आणतो.’ स्टुलावर चढून त्यांनी डबा काढला आणि पाहुण्यांसमोर ठेवला. ही पावडर मीच विकत घेतली, तसं लिहून देतो, असं ते म्हणाले. मग मी म्हणाले, ‘मी खाल्ली, तेही लिहावं लागेल. ते मी लिहीन.’ पाहुण्यांना रडू येईल असं मला वाटलं, पण ते रडले नाहीत. त्यांनी डबा पिशवीत घातला, पिशवीचं तोंड दोनदा बांधलं आणि उरलेली कॉफी उभ्यानंच पिऊन निघाले.

सरांनी नंतर बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. चाचणीतून मी नाव मागं घेतलं. मला प्रश्न विचारले गेले, माझाही नमुना घेतला गेला, आणि मग वाट पाहणं आलं. आई त्या दिवसांत माझ्या ताटात काही वाढताना मध्येच थांबायची, जणू प्रत्येक घास तपासूनच द्यायला हवा. अखेर माझा नमुना स्वच्छ निघाला. मधे दिवस गेले होते म्हणून, की आणखी कशामुळे, ते कुणी खात्रीनं सांगू शकलं नाही. पावडरीत मात्र तेच औषध सापडलं. उघड्या डब्यातली म्हणून तिच्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही, असं सुनावणीत सांगण्यात आलं. तरी दोन्ही घरांनी लिहून दिलेलं जुळत होतं, ते विचारात घेतलं गेलं. त्या मुलाची बंदी टळली नाही, कमी झाली.

दोघा वडिलांनी मिळून दुकानाची तक्रार केली. दुकान काही दिवस बंद होतं, पुन्हा उघडलं. अप्पा आता सीलबंद लहान डबा घेतात, बिल मागतात आणि महिन्याच्या शेवटी इतर खर्चात कुठं हात आखडायचा ते आईशी बोलून ठरवतात. त्या रविवारच्या दुपारबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत.

बंदी चालू असताना मी एकदा पापनाशमला गेले होते. तो गिरणीत होता, केसांवर पीठ पडलेलं. मला पाहून त्यानं हातातलं दळण आधी पुरं केलं. मग त्यानं पट्टा बंद केला आणि विचारलं, अजून उचलतेस का? हो म्हटलं.

‘माझ्यामुळे तुझी चाचणी गेली,’ तो म्हणाला.

नाही, असं म्हणायचं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं असतं. ‘गेली,’ मी म्हणाले. ‘तू कधी परत येतोस?’

तो या वर्षी परत आला. सरांनी त्याला पहिल्या दिवशी नुसता रॉड दिला, एकही चकती न लावता. त्यानं तो उचलला, खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. मी माझा नंबर येण्याची वाट बघत बाजूला उभी होते.