घोटीनंतरची ओळ

जुना सीपीयू उघडला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला कॉलेजची लॅब आठवते. शेजारी बसणारा मित्र इगतपुरीहून पॅसेंजरने यायचा. वडील तिथे रेल्वेत गँगमन, रूळ दुरुस्त करणारे. कितीही ओळी आल्या तरी त्या साठवणारा बफर वाढत जाईल, असा सी प्रोग्राम त्याने लिहिला होता आणि तो तपासायला घरी जाताना लागणारी स्टेशनं एकेक करून टाइप करत होता: नाशिक रोड, देवळाली, अस्वली, घोटी. बाहेर बॅगेत ठेवलेला त्याचा फोन वाजायचा थांबेचना, म्हणून सरांनीच उचलला. आत येऊन म्हणाले, “वडिलांना जरा लागलंय, लगेच घरी जा.” तो पळाला. मग सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “गाडीखाली आले रे. गेले.” प्रोग्राम बंद करायला माझा हात धजेना. घोटीखाली कर्सर पुढच्या ओळीसाठी, इगतपुरीसाठी, लुकलुकत होता. आजही असा कोड तपासताना मी नुसतं एबीसी टाइप करतो. गावांची नावं नाही.