मुलाच्या वर्गातल्या मावशी

एम.ए.ला माझ्या शेजारी बसणाऱ्या मावशी चितेगावहून बसनं संभाजीनगरला यायच्या. पन्नाशीच्या होत्या. हजेरीला उभ्या राहून "व्हय सर" म्हणायच्या आणि शिकवताना सरांचा शेवटचा शब्द हळूच स्वतःशी म्हणून बघायच्या. पुढं त्यांच्या मुलानंही आमच्याच वर्गात प्रवेश घेतला. पोरं हसायला लागली आणि तो खाली मान घालून बसायला लागला.

दिवाळीनंतर मावशींनी प्रवेश रद्द केला.

"का हो मावशी?"

"मी असले की त्यो बोलतच नाय. घरची कामं लई हायेत, म्हणून सांगितलंय त्याला. तूबी तेच सांग."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला गाठलं. "आई तुला काही बोलली का?"

"घरची कामं आहेत म्हणाल्या."

त्याला हायसं वाटलं. त्या तासाला तो पहिल्यांदाच बोलला, आणि फार छान बोलला.