कृपया ॲप बंद करू नये

मला लिहायची सवय नाही. लिहितो ते एवढंच : ‘मागे दोन नंबर, कल्ले कानाच्या मध्यापर्यंत, उजवीकडे भोवरा.’ गेली बारा वर्षं फोनमध्ये असलं काहीबाही लिहीत आलो, आणि त्यामुळेच माझी जी फजिती झाली तीच आज सांगतो आहे.

माझं सलून आहे. खुर्च्या दोन, कारागीर एक. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्र बसतं. केस कापणारा म्हणजे बोलघेवडा, असं सगळे धरून चालतात. मला देवानं हात दिले आणि जीभ द्यायची राहून गेली. गिऱ्हाइकाच्या गळ्याला कापड बांधलं, आरशात नजरानजर झाली, की माझ्या तोंडचं पाणी पळतं. आता काय बोलायचं? हवा? हवा दोन वाक्यांत संपते. केस कापायला पंचवीस मिनिटं लागतात.

म्हणून मी नोंदी ठेवू लागलो. प्रत्येक गिऱ्हाइकाचे केस कसे, मागून मानेचा फोटो, आणि खाली विचारायचे दोन प्रश्न. सकाळी चहा पिताना मी ते पाठ करायचो. बायको म्हणायची, “दुकानाला निघालात की परीक्षेला?” तिला द्यायच्या उत्तराची नोंद केलेली नव्हती.

मध्यंतरी या नोंदींच्या ॲपनं कळवलं की ते बंद होणार. माझी लेक एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते, तिला यातलं सगळं समजतं. रविवारी बसून तिनं माझ्या नोंदी नव्या ॲपच्या क्लाउडवर चढवल्या.

“बाबा, अकराशे फोटो? आणि सगळे लोकांच्या डोक्याच्या मागचे?”

“पुढून मी ओळखतो त्यांना.”

“पोलिसांच्या हाती हा फोन लागला तर काय म्हणतील!”

“म्हणतील, तोंडाकडे बघायची हिंमत नाही बिचाऱ्याला,” बायको आतून म्हणाली.

लेकीनं नीट समजावलं. क्लाउडवरून सगळं फोनमध्ये उतरायला, म्हणजे सिंक व्हायला, फोटोंमुळे एक दिवस तरी लागेल. जुन्या नोंदी आधी येतील, ताज्या शेवटी. ॲप उघडं ठेवायचं, फोन चार्जिंगला लावायचा आणि हात लावायचा नाही. मी मान हलवली. मान हलवणं मला छान जमतं. तिची पाठ वळताच मी जुनं ॲप काढून टाकलं. एका म्यानात दोन तलवारी कशाला?

सोमवारी संध्याकाळपर्यंत किती झालं असावं? नऊ टक्के. पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं, आणि त्याच्याइतकाच मीही जागच्या जागी. लेकीनं फोनवर विचारलं, “एवढं हळू कसं?” मी म्हटलं, “कंपनीच भिकार आहे.” त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांपुढे मी कंपनीला शिव्या घातल्या. पाठ न करता एवढं मी जन्मात बोललो नव्हतो.

मंगळवारी दहा वाजता नकाशेवाले साहेब आले. नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. अकरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायचे. समोर नवं चकचकीत सलून उघडल्यापासून माझी जुनी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे सरकली होती. तिथून गुळगुळीत माना घेऊन बाहेर पडतात आणि मला बघून चप्पल शोधल्यासारखं खाली बघतात. मी मनाशी ठरवलं होतं, साहेबही गेले की शटर ओढायचं ते कायमचं. घरी बोललो नव्हतो.

साहेबांची नोंद नशिबानं उतरली होती. ‘आईचं वय नव्वद. औषध घेत नाहीत. विचारणे.’ मी कात्री उचलली आणि आवाजात जमेल तेवढा मोकळेपणा आणून म्हटलं, “काय साहेब, आई औषधं घेतात का वेळेवर?”

आरशातले डोळे वर झाले.

“आई जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही भेटायला आला होतात.”

आलो होतो. दाराशी दहा मिनिटं उभा राहून एक शब्द न बोलता परतलो होतो. धरणी दुभंगली असती तर मी कात्रीसकट उडी मारली असती. शेवटी सरळ फोनच त्यांच्या हातात दिला आणि नोंदी, नवं ॲप, ते चक्र, आई गेल्याची नोंद अजून उतरायचीच आहे, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं.

“मानेचा फोटोसुद्धा? एवढं टक्कल पडलंय मागे?”

“जुना फोटो आहे, साहेब.”

“म्हणजे आता याहून जास्त?”

मी कंगवा झटकला.

“आणि हे प्रश्न तुम्ही पाठ करून विचारता?”

“हो.”

“अहो, मी अकरा वर्षं वाट बघतोय, की या माणसाचे दोन प्रश्न एकदाचे संपू देत आणि शांतता होऊ दे. घरी नातवंडं, टीव्ही, सूनबाईंचा फोन. समोर गेलो होतो, तर त्या पोरानं कल्ले होईपर्यंत माझं सगळं खानदान विचारून घेतलं.”

“समोर गेला होतात?”

“एकदाच,” साहेब ओशाळून म्हणाले. मग फोन परत देत, “आईचं कुणीतरी विचारलं ते बरं वाटलं. आता कापा. आणि बोलू नका.”

दहा मिनिटांत ते झोपले. मान पुढे कलू लागली, तेव्हा डाव्या हातानं कपाळ धरून उजव्यानं कापत राहिलो. पंचवीस मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. जाताना म्हणाले, “पुढच्या पहिल्या मंगळवारी येतो.”

संध्याकाळी लेक दुकानात आली. मी गिऱ्हाईक उठवलं, मशीन बंद केलं, खुर्ची झटकली, आणि सवयीनं फोनवर बोट फिरवून ॲप बंद केलं, वायफायही.

“बाबा! हे काय केलंत?”

“दुसरा बसायच्या आधी सगळं बंद करायचं. शेहेचाळीस वर्षांपूर्वी दुकानात शिकलो तो पहिला धडा.”

“म्हणजे दर गिऱ्हाइकानंतर सिंक तुम्हीच थांबवताय! आणि शिव्या कंपनीला?”

तिनं फोन उंच फळीवर ठेवला. मग सिंक गुमान चालू राहिलं.

बुधवारी बेकरीवाले आले. मी आता शहाणा झालो होतो. कापड बांधलं आणि मूग गिळून कामाला लागलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ते खुर्चीत चुळबुळ करू लागले.

“काय हो, माझं काही चुकलं का?”

“छे, छे.”

“मग आज पोरीचं विचारलं नाहीत? काल नोकरी लागली तिला. घरून निघाल्यापासून सांगायचं म्हणून बसलोय!”

मी कात्री खाली ठेवली आणि स्टूल घेऊन फळीवरचा फोन काढायला चढलो. पोरगी कशात शिकली होती, तेच आठवेना.