सुताएवढी फट

चिखलीचे सतरंजीमामा स्वतः विणलेल्या सतरंजीवर कधी बसले नाहीत. पाहुण्याला सतरंजी अंथरायचे आणि आपण समोर उघड्या फरशीवर मांडी घालायचे. कुणी आग्रह केला, तर म्हणायचे, "लोकायच्या नावावर बसू का मी?" वास्तविक नाव असायचं एका कडेला, बाकीची सतरंजी बसायला मोकळी. पण मामांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं. गावोगाव शाळा निघत होत्या, मंडळं स्थापन होत होती, आणि प्रत्येकाला बैठकीसाठी सतरंजी हवी होती. देणाऱ्याला तिच्यावर आपलं नाव हवं असे. डोणगावचे एक बडे शेतकरी आपलं नाव आडनावासकट, मानपानासकट सांगून गेले. मामांनी धागे मोजून पाहिले आणि त्यांना दारातूनच परत बोलावलं. "गणपतराव, ‘राव’ घरीच ठिवा. सतरंजीत जागा नाई." शेवटी त्या सतरंजीवर नुसतं ‘गणपत’ आलं, आणि ते गृहस्थ मुकाट ती घेऊनही गेले.

मामांचं घर आमच्या घराला लागून होतं. मागाचा खटखटाट ऐकतच मी अभ्यास केला. माझे वडील शाळामास्तर, वळणदार अक्षराचे मोठे अभिमानी. त्यामुळे मामांचं अक्षर मला हास्यास्पद वाटायचं. उभ्या-आडव्या धाग्यांत गोलाई येते कुठून? त्यांचा ‘व’ म्हणजे पायऱ्या पायऱ्यांची पेटी. त्यातून ते अक्षर विणायचे खालून वर. मी हसले की म्हणत, "अक्षर पायाळू असते वं. पाय आधी निंघते, डोक्यावरची रेघ सगळ्यात मागून."

त्या शेवटच्या रेघेत मामा एक फट ठेवायचे. नावाच्या अखेरच्या अक्षरावर रेघ जिथं संपते, तिथं दोन धागे रिकामे, जेमतेम सुताएवढे. माणूस जिवंत असेल, तर त्याची रेघ बंद करायची नाही, असा त्यांचा नियम होता. मेलेल्याच्या स्मरणार्थ असेल, तर रेघ सलग. पुढं कधीतरी तो माणूस गेला, की घरचे सतरंजी घेऊन यायचे आणि मामा सुईनं ती फट बुजवून द्यायचे. साखरखेर्ड्याची एक बाई नवऱ्याच्या नावाची सतरंजी डोक्यावर घेऊन आली होती, ते मी पाहिलं आहे. मामांनी सुई ओवली, दोन टाके घातले आणि दात लावून सूत तोडलं. तोवर कोरड्या डोळ्यांनी बसलेली ती बाई सूत तुटल्यावर रडायला लागली. मामा तिच्याजवळ बसून राहिले.

मामी लवकर गेल्या होत्या. एकुलता एक मुलगा वसंता. हातमागावर बसायचं त्याच्या मनात नव्हतं, तो मुंबईला कापडगिरणीत गेला. काही वर्षं पत्रं आली, मग थांबली. मामांनी ‘वसंता’ नावाची एक लहान सतरंजी विणली आणि भिंतीवर टांगली. तिच्या रेघेत अर्थातच फट होती. मी चित्रकलेच्या शिक्षणासाठी मुंबईला निघाले, तेव्हा मामा एस.टी.पर्यंत आले. "दिसला तं सांगजो वं," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. मुंबईत मी वर्षानुवर्षं राहिले आणि त्याला शोधायला एकदाही गेले नाही. मुंबई काय एवढीशी आहे, असं मनाला सांगत राहिले. पण एखाद्या गिरणीच्या दारात उभं राहून विचारायला काय लागत होतं?

पुढं मी संगणकासाठी मराठी अक्षरं तयार करण्याच्या कामाला लागले. तेव्हाच्या पडद्यावर सगळं बारीक बारीक चौकोनांत बसवावं लागे. वडिलांचं वळणदार अक्षर तिथं उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायचं. मला एकदम मामांचा पेटीसारखा ‘व’ आठवला. धावत चिखली गाठली. मामांनी भिंतीवरची सतरंजी स्वतः खाली काढली, माझ्यासमोर अंथरली, आणि मी आलेखाच्या कागदावर एकेक घर भरत असताना ते शेजारी बसून धागे मोजत राहिले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. निघताना म्हणाले, "फट ठेवजो बरं." मी पुन्हा हो म्हटलं.

संगणकावर एका अक्षराची रेघ दुसऱ्याच्या रेघेला भिडवावी लागते. तिथं फट म्हणजे दोष. साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं, "रेघ तुटलीय इथं, भरून टाका." मी भरली. मामांना कळवावं असं मनात आलं होतं. आलं आणि गेलं. काम पसंत पडलं, माझं कौतुक झालं, आणि त्या भरात मी मामांसाठी भेट तयार केली. मोठ्या अक्षरांत छापलेलं ‘वसंता’, काचेच्या चौकटीत.

मामांनी चष्मा लावला. चौकट मांडीवर घेऊन ते रेघेवरून बोट फिरवू लागले. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, फट कुठंच दिसली नाही. त्यांनी ते पुन्हा फिरवलं. मग मान वर न करता विचारलं, "कवा?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं, ते वसंताचं विचारत होते. "मामा, तसं नाही हो! यंत्रात रेघ जोडावीच लागते."

"यंत्राले तूच सांगतलं ना वं?"

"हो."

"तू मुंबईतच रायते. काई समजलं असंन तं सांग. मी घट मनाचा मानूस हाओ."

मी शपथा घेतल्या. मला काही ठाऊक नाही, मी त्याला शोधलंसुद्धा नाही, हेही रडत रडत सांगून टाकलं. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं, बरं," म्हणाले. पण माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं, जणू मी वाईट बातमी लपवणारी कुणी भली बाई आहे.

नंतर मी चिखलीला गेले, की मामा चहा पाजायचे, माझ्या कामाची चौकशी करायचे. वसंताचं नाव काढायचे नाहीत. ती अक्षरं मात्र सगळीकडं पसरली. लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर ती दिसली की मी मान वळवते.

मामा गेल्याचं आईनं कळवलं. मी पोचले तेव्हा त्यांच्या पुतण्यानं भिंतीवरची सतरंजी गुंडाळून माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. वसंताचा पत्ता तेव्हाही नव्हता, आजही नाही. घरी येऊन मी ती उलगडली. माझ्यामुळं त्यांनी रेघ बंद केली असणार, अशी मनाची तयारी करून ठेवली होती.

फट उघडी होती. पण कडेचे धागे झिजून पिंजले होते आणि सुईची भोकं रुंदावली होती. मामांनी ती बुजवली होती, उसवली होती, पुन्हा बुजवली होती, पुन्हा उसवली होती. मी त्या फटीत बोट घातलं, तर ते आरपार गेलं.